पत्ता तोच आहे, साहेब

किरणोपचारावर संशोधन करणारे डॉक्टर आणि विदर्भातल्या रुग्णालयांमधल्या एथिक्स कमिट्यांचे (संशोधनाला परवानगी देणाऱ्या समित्यांचे) सदस्य यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी ग्रामीण डाकसेवक आहे. यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याहून आत गेलं की लागणाऱ्या एका शाखा डाकघरात एकवीस वर्षांपासून डाक वाटतो. तीन गावं आणि दोन कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्या, माझ्याकडे आहेत. आमच्या कामात पत्र परत पाठवायचं झालं तर त्यावर शेरा मारावा लागतो : घर बंद, पत्ता अपुरा, घेण्यास नकार, गाव सोडून गेला, मयत. हा शेरा बसल्या जागी मारता येत नाही. आधी शेजारी विचारायचं, मग पानठेल्यावर, मग आशाताईला, आणि तरीही नाही जमलं तर पोलीस पाटलांना. एवढं करून माणूस सापडला नाही असं माझ्या नोकरीत फार थोड्या वेळा झालं, आणि त्यातही निम्म्या वेळा पत्ता लिहिणाऱ्यानंच घोळ घातलेला होता.

म्हणून २०२३ च्या मार्चमध्ये नागपूरच्या एका रुग्णालयात माझ्या थोरल्या भावाच्या फाइलवर लाल पेनानं लिहिलेली 'एलटीएफयू' ही अक्षरं दिसली आणि तिथल्या तरुण डॉक्टरनं त्यांचा अर्थ सांगितला, तेव्हा मला आधी हसूच आलं. लॉस्ट टू फॉलो-अप. म्हणजे पुढच्या तपासण्यांना न आलेला, हरवलेला पेशंट. दादा माझ्या बाजूलाच बाकावर बसला होता, तोंडाला दुपट्टा लावून.

"मी कवा हरवलो?" त्यानं मला विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

दादाला खर्ऱ्याची सवय वीस-बावीस वर्षांची. तुम्हाला खर्रा सांगायला नको, तुमच्या ओपीडीतली अर्धी रांग त्याचीच असेल. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटायला कोणाचं काय जातं? २०२० च्या पावसाळ्यात दादाच्या डाव्या गालात आतून जखम झाली. दोन महिने त्यानं ती लपवली. पोळ्याला पुरणपोळी तोंडात जाईना तेव्हा वहिनीनं मला सांगितलं. जखम कॅन्सरची निघाली. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं, आणि शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यावे लागतील असं ठरलं.

त्याच वेळी तिथल्या डॉक्टर मॅडमनी संशोधनाची गोष्ट काढली. नऊ पानांचा मराठी फॉर्म होता. त्यात 'यादृच्छिकीकरण' असा एक शब्द होता. तो मला वाचता आला, दादाला समजला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही समजला नव्हता. मॅडमनी फॉर्म बाजूला ठेवून सरळ सांगितलं, की एका गटाला नेहमीसारखे ३० शेक, म्हणजे सोमवार ते शुक्रवार सहा आठवडे. दुसऱ्या गटाला २० शेक, रोजचा डोस थोडा मोठा, चार आठवड्यांत काम आटोपतं. कोण कोणत्या गटात हे कॉम्प्युटर ठरवणार, चिठ्ठी टाकल्यासारखं.

दादा म्हणाला, "मंग कोन्तं चांगलं हे तुमालेच मालूम नाही म्हना की, मॅडम?"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "नाही माहीत. माहीत असतं तर चिठ्ठी कशाला टाकली असती?"

त्या उत्तरावर दादानं सही केली. मी तिथं होतो. आजही माझी त्या बाईंबद्दल काही तक्रार नाही. "आम्हाला माहीत नाही" असं इतकं सरळ सांगणारा डॉक्टर मी त्याआधी पाहिला नव्हता.

चिठ्ठी २० शेकांची निघाली. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात नरम करून त्याच्या तोंडावर दाबून बसवली, काही मिनिटांत ती कडक झाली, आणि रोज तोच मुखवटा घालून त्याला टेबलाला पक्कं करायचे, डोकं केसभर हलू नये म्हणून. बाहेर आला की कपाळावर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोललं, नळीनं ताक आणि पातळ पेज सुरू झाली. शेवटच्या दिवशी त्यानं तो मुखवटा मागून घेतला. आता तो वावरात बुजगावण्याच्या तोंडावर आहे. रोही (नीलगायी) काही घाबरत नाहीत, पण रात्री पाणी द्यायला जाणारा सालदार घाबरतो.

चार आठवडे आणि सहा आठवडे यातला फरक तुमच्या तक्त्यात दहा शेकांचा असेल. आमच्याकडे तो असा मोजला जातो : गावाहून पांढरकवडा, तिथून नागपूर दीडशे किलोमीटर, म्हणजे रोज ये-जा अशक्य. एक माणूस आजारी, एक सोबत, दोघंही धर्मशाळेत. घरी कापूस फुटलेला आणि वेचायला मजूर किलोवर. दोन आठवडे आधी सुटका म्हणजे वहिनीला शेवटची वेचणी स्वतः करता आली. म्हणून शेक कमी करण्याचं संशोधन कोणाला सर्वांत जास्त हवं असेल तर ते आम्हाला, हे मी आधीच लिहून ठेवतो. कोणी असं समजू नये की हा माणूस संशोधनाच्या विरोधात बोलतो.

माझी मुलगी अमरावतीला स्टॅटिस्टिक्स घेऊन एम.एस्सी. करते. फाइलवरची ती अक्षरं मी तिला सांगितली तेव्हा ती काही वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बाबा, हे फक्त मोठ्या बाबांचं नाही. हे हिशोबाचं आहे." पुढचं बरंच तिनं समजावलेलं आहे, चूक असेल तर माझी.

शेक कमी आणि डोस मोठा केला तर गाठीवर होणारा परिणाम साधारण तोच ठेवता येतो. पण मोठ्या डोसाचा उशिरा दिसणारा त्रास बाजूच्या चांगल्या भागांना जास्त होऊ शकतो : हाड, नसा, कातडीच्या खालचा थर. तोंड सोलणं तर सगळ्यांनाच होतं आणि दीड-दोन महिन्यांत भरतं. खरा प्रश्न असतो तीन वर्षांनी, पाच वर्षांनी काय होतं हा. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००१ या काळात २२१५ बायांना स्तनाच्या कॅन्सरसाठी अशाच दोन गटांत घेतलं, २५ शेक की १५ शेक. दहा वर्षांचा निकाल २०१३ मध्ये छापून आला : १५ शेक कुठंही कमी पडले नव्हते, उलट सूज आणि स्तन आक्रसणं त्यांच्यात कमी होतं. त्यानंतर त्याच देशात १५ ऐवजी ५, म्हणजे आठवड्याभरात सगळे शेक, असा अभ्यास ४०९६ जणांवर झाला आणि पाच वर्षांचा निकाल २०२० मध्ये आला. तोही जमला. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये ३३ ऐवजी २० शेक देऊन बघण्याचं काम आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनंही अनेक देशांत केलं आहे. म्हणजे वाट आहे, आणि ती आमच्या सोयीची आहे.

पण या प्रत्येक अभ्यासात शेक संपल्यावर वर्षानुवर्षं माणसं सापडत राहिली, म्हणून निकाल लागला. मुंबईच्या टाटा रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या ३०० बायांना दोन पद्धतींनी शेक दिले. तीन वर्षांनी मोजलं तेव्हा आतड्यांचा उशिराचा त्रास जुन्या पद्धतीत १०० मागे ४२ जणींना होता, नव्या पद्धतीत २१. तीन महिन्यांनीच फाइल बंद केली असती तर हा फरक कोणाला दिसला असता?

आणि त्याच टाटामधला आणखी एक अभ्यास मुलीनं मला दाखवला, तो माझ्या डोक्यातून जात नाही. २००३ ते २०११, तिसऱ्या टप्प्याच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ८५० बाया. अर्ध्यांना नुसते शेक, अर्ध्यांना शेकांसोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध. पाच वर्षांनी नुसत्या शेकांच्या गटात १०० पैकी ४६ जणी जिवंत, सिस्प्लॅटिनच्या गटात ५४. आठचा फरक. आता समजा शंभरातल्या दहा-बारा जणी 'हरवल्या' असत्या. आठचा फरक त्या दहा-बारांत बुडून गेला असता की नाही? मुलगी म्हणते, हिशोब करताना असं धरून चालतात की हरवलेले लोक राहिलेल्यांसारखेच आहेत. मी तिला म्हटलं, तो हिशोब करणाऱ्यानं कधी आमच्याकडची डाक वाटलेली नसणार. जो येत नाही तो का येत नाही? एक तर बरा आहे आणि वावरात आहे. नाही तर इतका खचला आहे की बसमध्ये चढू शकत नाही. नाही तर मेला आहे. यातला कोणीच राहिलेल्यांसारखा नसतो.

मेलेल्यांचं तर मला नेमकं सांगता येतं. आमच्या एका पोडावरच्या कोलाम बाईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला होता. तिलाही एका अभ्यासात घेतलं होतं. फॉर्म मराठीत, तिची भाषा कोलामी. मराठी तिला बाजारापुरती यायची. अंगठा तिनंच लावला, पण काय ऐकून लावला ते तिला मला सांगता आलं नाही. बाहेरचे शेक तिनं सगळे घेतले. आतून द्यायचे शेक राहिले होते, ते काय असतात हे तिला कोणी तिच्या बोलीत सांगितलं नाही, आणि शेक झाले असं समजून ती घरी आली. निराधार योजनेचे तिचे पैसे मी अंगठ्याच्या मशीनवर काढून द्यायचो. एका महिन्यात मशीननं अंगठा घेतला नाही, इतकी बोटं सुकली होती. पुढच्या महिन्यात ती नव्हती. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत तिचं नाव आहे, तारीख आहे. तुमच्या तक्त्यात ती बहुतेक अजून हरवलेलीच असेल.

दादाचं काय झालं तेही सांगतो, कारण त्यात कोणी वाईट माणूस नाही आणि तरी नुकसान झालं. शेक जानेवारी २०२१ मध्ये सुरू होऊन फेब्रुवारीत संपले. दोन वर्षं दर तीन महिन्यांनी यायचं, मग सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत. पहिलीच तारीख कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सापडली. फोनवर विचारपूस झाली. पुढच्या दोन तारखांना आम्ही गेलो. जानेवारी २०२२ ला एसटीचा संप होता, जीपवाले तिप्पट मागत होते, आणि कापूस वेचणीला आला होता. मग फॉर्मवर दिलेला नंबर पुतण्याचा, तो पुण्याला कंपनीत गेला आणि त्यानं सिम बदललं. झालं. फोन लागला नाही म्हणून माणूस हरवला. फॉर्मवर आमचा पूर्ण पत्ता होता, पिनकोडसकट. ४४५ म्हणजे यवतमाळ जिल्हा, पुढचे तीन आकडे म्हणजे आमचं डाकघर. १५ ऑगस्ट १९७२ ला हे सहा आकडे देशाला देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या मराठी मुलुखातलेच. त्या सहा आकड्यांच्या भरवशावर बॅंकेची नोटीस आमच्या गावात न चुकता पोहोचते. रुग्णालयाचं एकही पत्र आलं नाही. आलं असतं तर माझ्याच हातून गेलं असतं ना!

डिसेंबर २०२२ मध्ये दादाची खालची दाढ दुखू लागली. तो तालुक्याला गेला आणि काढून आला. शेक घेतलेल्या जबड्यातली दाढ विचारल्याशिवाय काढायची नसते, हाड भरून येत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. शेकाच्या वेळी सांगितलं असेल, नळी नाकात असताना माणसाच्या काय लक्षात राहतं! दाढ काढणाऱ्या डॉक्टरलाही त्यानं शेकाचं सांगितलं नाही. तीन महिने खड्डा भरला नाही, मग त्यातून हाड दिसू लागलं. मी टॉर्च लावून पाहिलं. ओल्या शिंपल्यासारखं, पिवळट. म्हणून आम्ही मार्चमध्ये नागपूरला गेलो आणि ती अक्षरं वाचली. मेलेलं हाड काढून टाकलं. दादा आता बरा आहे, कॅन्सर परतलेला नाही. तोंड दोन बोटं उघडतं. रोज सकाळी ओसरीवर बसून तो स्वतःच बोटं घालून मोजतो, तिसरं बोट जातं का बघतो.

हे मोठ्या डोसामुळं झालं का? मला माहीत नाही. ३० शेक घेतलेल्यांनाही असं होतं, आणि एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, एवढं मुलीनं मला शिकवलं आहे. पण तुमचा अभ्यास नेमकं हेच मोजायला निघाला होता. दादाच्या जबड्याचं हाड हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर होतं, एका माणसापुरतं का होईना. ते आमच्या ओसरीवर बसून होतं आणि तुमच्याकडे त्याची नोंद नाही. अशा किती ओसऱ्या असतील? आणि त्या सोडून कमी शेक चांगले असा निकाल लागला, तर उद्या माझ्या गावातल्या पुढच्या माणसानं त्यावर विश्वास ठेवायचा कसा?

माझं मागणं फार नाही. पेशंटला अभ्यासात घेताना एक मोबाइल नंबर लिहून थांबू नका. घरचे दोन नंबर घ्या, आशाताईचं नाव घ्या, गावचं डाकघर लिहा. दर सहा महिन्यांनी एक पत्र टाका. मात्र लिफाफ्यात टाका. पोस्टकार्डावर कॅन्सर असा शब्द लिहाल तर तो अख्खं गाव वाचेल, आणि लग्नाची पोरगी घरात असली तर काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. (पोस्टकार्डं मी वाचतो. सगळेच पोस्टमन वाचतात.) पत्राला उत्तर नाही आलं तर ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद बघा. तीही नसेल तर एक माणूस गाडी घेऊन पाठवा. मशीनला जो खर्च येतो त्यापुढं ही जीप काहीच नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सहभागी माणसाचा प्रवास आणि बुडालेली मजुरी भरून देता येते असं आहे, हे मुलीनं मला वाचून दाखवलं. मग प्रत्येक अभ्यासाच्या बजेटमध्ये पाच वर्षांच्या फेऱ्यांचं भाडं पहिल्याच दिवशी का धरत नाही? आणि तीन महिन्यांच्या प्रत्येक तपासणीला नागपूरच कशाला? तोंड उघडतं किती, गळ्यात गाठ आहे का, दात कसे आहेत, एवढं तर पांढरकवड्याचा डॉक्टरही बघून तुम्हाला कळवू शकतो, त्याला विश्वासात घेतलंत तर.

एथिक्स कमिटीच्या सदस्यांना वेगळं सांगतो. तुमच्यात एक सामान्य माणूस असावा असा नियम आहे. तो माणूस कधी तरी एसटीनं फॉलो-अपला आलेला असावा, एवढी माझी अपेक्षा. त्यानं प्रत्येक प्रस्तावात एक प्रश्न विचारावा : हा पेशंट फोन उचलणार नाही तेव्हा तुम्ही काय कराल? उत्तर लेखी घ्या. कोलाम, गोंड माणसाला अभ्यासात घेणार असाल तर त्याच्या बोलीत सांगणारं कोणी आहे का, हेही विचारा. पोडावर बारावी झालेली पोरं आहेत, कामाच्या शोधात आहेत.

शेवटचं म्हणजे निकाल. माणसांवरच्या संशोधनाचे नियम सांगणाऱ्या हेलसिंकीच्या जाहीरनाम्यात म्हटलं आहे की संशोधनात भाग घेतलेल्या प्रत्येकाला अभ्यासाचा एकंदर निकाल जाणून घेण्याची मुभा द्यावी. दादाला कोणी विचारलं नाही. सीटीआरआय नावाच्या सरकारी नोंदणीवर मुलीनं त्याचा अभ्यास शोधून काढला. तिथं सगळं इंग्रजीत आहे, किती पेशंट घ्यायचे तेही आहे, पण दादाला हवी असलेली एकच ओळ तिथं नव्हती. त्यानं आपला गाल, आपलं हाड आणि चार आठवडे तुमच्या चिठ्ठीवर लावले. कोणती चिठ्ठी बरी होती, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. मला दर दोन-तीन महिन्यांनी विचारतो, "आलं का काही, नागपूरचं?" मी पिशवी उलटी करून दाखवतो.

निकाल लागला असेल तर मराठीत एक पान लिहा. 'यादृच्छिकीकरण' नको. त्या मॅडम बोलल्या होत्या तसं लिहा. अजून लागला नसेल तर तेवढंच लिहा, की अजून आम्हाला माहीत नाही. लिफाफ्यात घालून फॉर्मवर जो पत्ता आहे त्याच पत्त्यावर टाका. वाटायला मीच आहे.

आपला,
एक ग्रामीण डाकसेवक
तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ